नुमाझूचे फोटो आणि आह-मा

शनिवार, ३ जुलै २००४. सिंगापुरातला, टॅम्पिनीसचा आमचा फ्लॅट. हजर: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी. लेकीला शाळेतून आणून मी ऑफिसातून येईपर्यंत त्याच सांभाळतात. आम्ही सगळेच त्यांना आह-मा, म्हणजे आजी, म्हणतो.

निमित्त जपानच्या सहलीच्या फोटोंचं. पाहुणे आले की मुलांना काहीतरी म्हणून दाखवायला लावायचं, ही आपली जुनी खोड. नुमाझूच्या समुद्रकाठच्या राजनिवासाची माहिती मी लेकीकडून पाठ करून घेतली होती. मेइजी काळात, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी, युवराजांसाठी बांधला, राजघराणं हवापालटाला यायचं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून मुख्य इमारत जळली, पुढे तिथे सगळ्यांसाठी बाग झाली.

लेक सोफ्यापुढे उभी राहून इंग्रजीत खडाखडा बोलली. शेवटी माझंच वाक्य: "इतकं सुंदर घर जळलं, किती वाईट!"

आह-मांनी कप खाली ठेवला आणि त्या त्यांच्या 'लाह'वाल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या,

"माझे वडीलसुद्धा समुद्रावर गेले, लाह. बेचाळीस साली जपान्यांनी सिंगापूर घेतलं, तेव्हा त्यांच्या शिपायांनी त्यांना लॉरीत घालून चांगीच्या किनाऱ्यावर नेलं. परत नाही आले. तिथेही आता बाग आहे."

आणि त्या उठून गेल्या.

"हेच पाठ करून घ्यायचं होतं?" नवरा म्हणाला.

"फोटो दाखवायची हौस तुझी!"

लेक रडकुंडीला आली. "मम्मी, यू टोल्ड मी टू से दॅट!"

रविवारभर समोरचं दार बंद. बेल वाजवायला मी तीनदा गेले, तीनदा परतले. सोमवारी लेकीला शाळेतून कोण आणणार? आणि त्यांनी दारच मिटलं, तर लेकीला काय सांगणार? सोमवारी दीड वाजता ऑफिसातून त्यांच्या घरी फोन लावला. लेकीनंच उचलला. "जेवतेय. फिशबॉल."

संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहिले. "आह-मा, शनिवारी मी..."

"सॉरी नको. तुम्ही चांगीच्या बागेत सायकली चालवायला जाता ना? मी कधीच गेले नाही. मला एकदा ने."

पुढच्या शनिवारी पाऊस होता. मग लेकीची परीक्षा, मग माझा घसा. खरं म्हणजे तिथे पोहोचल्यावर मी काय बोलणार, याचीच धास्ती वाटते. आह-मांनी पुन्हा विचारलेलं नाही. 'आह-मांना चांगीला नेणे' ही ओळ मी दर सोमवारी डायरीतल्या कामांच्या यादीत नव्या पानावर उतरवते. तिच्यापुढे अजून टिक नाही.