दोनदा प्रभूची प्रार्थना

अकोल्याच्या डॉक्टरनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "फिट किती वेळ राहते?" मी मिनिटं सांगणार, तेवढ्यात आई बोलून मोकळी झाली, "प्रभूची प्रार्थना दोनदा म्हणून होते, तवरक." डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरं सांगायचं तर तेच माप बरोबर होतं. धाकट्या बहिणीला फिट आली की घड्याळ बघायचं भान कुणाला राहतं? मी तिला कुशीवर वळवायचे, शेजारपाजारचं कुणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावलं की त्यांच्यावर खेकसायचे, आणि आई तिच्या उशाशी बसून डोळे मिटून मोठ्यानं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणायची. एकदा आमेन, दुसऱ्यांदा आमेन, की हातपाय सैल पडायचे. शुद्धीवर आल्यावर धाकटीचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती?" आई सांगायची, "दोनच." दोन ऐकलं की तिच्या चेहऱ्यावरची भीती जायची. म्हणजे नेहमीसारखंच, वाढलेलं नाही.

आम्ही मेहकरला राहतो. वडील गेल्यापासून घरात तिघीच. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, बस स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. धाकटी घरी ब्लाऊज शिवते. आणि आई प्रार्थना करते. हे मी चिडून म्हणायचे, पण आईला ते कौतुकच वाटायचं. गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. रविवारी उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, प्रार्थनेचे विषय सांगा. मग एकेक जण उभं राहून आपलं दुखणं सांगतं आणि सगळी मंडळी ते देवापुढं ठेवते. आई दर रविवारी उठायची. "माझ्या लहान लेकीसाठी." पुढं काही सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरनं गोळ्या बदलल्या आणि काय नवल, पावसाळा सरला, दिवाळी गेली, नाताळ आला, तरी फिट नाही! वर्षाच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवानं काय केलं ते सांगायचं आहे का. आई उठली. "देवानं माझ्या लेकीले बरं केलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. सगळ्या बायका हालेलुया म्हणाल्या. मी तिचा पदर ओढत होते, अवं बस ना खाली! धाकटी मान खाली घालून बसली होती, तिचे कान लाल झाले होते.

घरी येताना मी भर रस्त्यात भांडले.

"बरी कुठं झाली वं? गोळ्या चालू आहेत न तिच्या!"

"भेटलं असं समजूनच मागा लागते," आई म्हणाली. "आधीच उपकार मानले तं देवाले द्याच लागते."

"देवाले कोंडीत पकडून राह्यली का तू?"

"हाव," आई म्हणाली. "मंग काय करू? हात जोडू जोडू थकली मी."

माझा राग आणखीच वाढला. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यानंतर प्रार्थनेच्या विषयात धाकटीचं नाव बंद झालं. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतसुद्धा "बरं कर" गेलं आणि "बरं केलंस" आलं. आई बाजारात भाजी घेतानाही ही गोष्ट सांगायची, ओळखीपाळखीच्या, बिनओळखीच्या, सगळ्यांना. गोळ्या बंद कर असं मात्र ती कधी म्हणाली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते. फक्त धाकटी गोळी घ्यायला उठली की आई स्वयंपाकघरात निघून जायची.

उन्हाळा लागत होता. दुपारी शेजारणीचा फोन आला आणि मी दुकान उघडं टाकून पळाले. धाकटी ब्लाऊजला इस्त्री करत असताना पडली होती. तापलेली इस्त्री तिच्या उजव्या हातावर आली होती. आई मोरीतून धावत आली, नेहमीसारखी उशाशी बसली, नेहमीसारखे डोळे मिटले. हात तिला दुसऱ्या आमेननंतर दिसला.

मी आईला नाही नाही ते बोलले. दवाखान्यातून पट्टी बांधून आल्यावर मी गोळ्यांचं पाकीट शोधलं तर ते बटणांच्या डब्यात निघालं, जवळजवळ भरलेलं.

"काऊन वं? काऊन बंद केल्या?"

धाकटी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. "आई रोज उपकार मानते," ती म्हणाली. "अन् मी रोज गोळी खाऊन तिले खोटं पाडू का?"

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "चर्चमधी कोणाले सांगू नका."

गोळ्या परत सुरू झाल्या. आता मी समोर उभी राहून द्यायचे. रविवारी धाकटी ओढणीखाली हात लपवून बसायची. लोक तिच्याकडं कौतुकानं बघायचे, आणि मला वाटायचं उठावं आणि ओरडावं. पण आईचं तोंड बघितलं की मी बसूनच राहायचे.

अशाच एका रविवारी उपासनेनंतर आवारात एक बाई थांबली होती. सुलतानपूरची, शेतातला भाजीपाला घेऊन मेहकरच्या बाजारात बसणारी. आमच्यातली नव्हे, कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आईनं तिलाही मेथीची जुडी घेताना साक्ष सांगितली होती. सोबत तिची सात-आठ वर्षांची मुलगी, फ्रॉकचं टोक चावत उभी. बाई धाकटीच्या पाया पडायला वाकली. धाकटी घाबरून मागं सरली.

"ताई, तुमाले देवानं बरं केलं. हिलेबी तसंच होते. हिच्या डोक्यावर हात ठेवा जी."

धाकटीनं विचारलं, "गोळ्या चालू हायेत न हिच्या?"

"बंद केल्या न. तुमच्या मायनं सांगतलं, विश्वास पाह्यजे म्हनून."

"मी गोळ्या बंद कर असं नाही म्हटलं," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईला तो ऐकूच गेला नाही.

धाकटीनं ओढणी बाजूला केली आणि पट्टीचा हात पुढं धरला. "हे पाहा. मले अजून फिट येते. गोळी बंद केली म्हणून आली अन् हात भाजला. हिच्या गोळ्या आजच्या आज सुरू करा."

अजून चार-पाच जण तिथं होते. बाईनं हाताकडं पाहिलं, मग आईकडं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग आमी कोनाकडं जाव?" ती म्हणाली.

इतकी वर्षं मी आईशी भांडले, डॉक्टरशी भांडले, पाळकसाहेबांशीसुद्धा एकदा भांडले. त्या बाईला मात्र अकोल्याच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला, तेवढाच. धाकटीनं तोच पट्टीचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे उघडे ठेवूनच म्हणाली, "बापा, हिची माय हिले रोज गोळी देवो." आमेन म्हणायला कुणाला सुचलं नाही. बाई पोरीला ओढत निघून गेली. त्यानंतर बाजारात ती मला दिसली नाही. सुलतानपूरवरून जाणारी लोणारची गाडी लागली की मी अजून दुकानातून मान काढून बघते. पोरीचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

आईनं त्या दिवसापासून मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. संध्याकाळी आम्ही तिघी बसायचो, आई ओठ मिटून भिंतीकडं बघायची, आणि मग उठून भाकरी टाकायला जायची. मला वाटलं होतं कटकट गेली. कसलं काय! ते शांत घर मला खायला उठायचं.

परवा जेवणाआधी धाकटीला फिट आली, गोळ्या चालू असताना. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे डोळे टक्क उघडे होते, भाजलेल्या हातावर खिळलेले. तोंडातून शब्द नाही. मी वाट बघितली.

"म्हण न वं आई!"

"माह्यानं नाही होत," आई म्हणाली. "तू म्हण."

मला कुठं येतं? म्हणजे लहानपणापासून पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं. मी घाईघाईनं म्हटली, मधली एक ओळ गाळली, परत मागं गेले. आमेन. पुन्हा सुरू केली. दुसरं आमेन आलं तरी हातपाय थांबेनात. मी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा माझा आवाज फाटला होता. शेजारच्यांनी रिक्षा आणली. चौथी मी रिक्षात म्हणत होते, आणि त्यापुढं मोजलं नाही. देवा, थांबव रे, एवढंच म्हणत होते. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर कधीतरी तिचे हात सैल पडले.

खूप वेळानं धाकटीनं डोळे उघडले. जीभ जड झाली होती. आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आज किती?"

आईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"दोनच," मी म्हटलं.

आईनं पदरानं धाकटीच्या तोंडावरची लाळ पुसली. "हाव," ती म्हणाली, "दोनच."