फाटकावरची शिंपीण

आमच्या सासूबाईंच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नाही. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळं गाव म्हणायचं आणि गाव विसरलं तर त्या स्वतः आठवण करून द्यायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मी केलेली काजं उसवून माझ्या मांडीवर परत ठेवली. या घरात आपण सुई धरायची नाही, असा मी तेव्हाच कानाला खडा लावला. अशा बाई शांततेच्या कामाला कशा लागल्या, ते सांगते.

लढाईत आमच्या गावाचे दोन तुकडे झाले. मधला रस्ता तारा टाकून बंद केला आणि माझी नणंद पलीकडे, तिच्या सासरी अडकली. तेव्हा तिला सातवा महिना होता. मुलगी झाल्याचं आम्हाला चिठ्ठीतून कळलं आणि चिठ्ठी हातात पडेपर्यंत त्या मुलीला दात आले होते. सासूबाई रडल्या नाहीत. दर सहा महिन्यांनी त्या नातीसाठी अंदाजाने एक फ्रॉक शिवायच्या, आधीपेक्षा जरा मोठा, आणि कपाटात ठेवायच्या. त्यानंतरच्या चार वर्षांत आठ फ्रॉक झाले.

मग समझोता झाला. बाहेरच्या देशांचं निरीक्षक पथक आलं आणि तारांमध्ये एक फाटक बसवलं. पंधरा दिवस परीक्षेचे. तेवढे दिवस धोक्याची शिट्टी वाजली नाही, तर सोळाव्या दिवसापासून नातेवाइकांनाही परवाने मिळणार. वाजली तर फाटक बंद, आणि पुन्हा बोलणी कधी होतील ते कुणालाच ठाऊक नाही. तोवर परवाने फक्त कामावर जाणाऱ्यांना.

पहिले दोन दिवस एकही बाई फाटकातून गेली नाही. जाणार कशी? झडती घ्यायला सगळे पुरुष शिपाई. सासूबाई तडक पथकाच्या साहेबांकडे गेल्या. त्यांच्या गळ्यात सदा दुर्बीण, म्हणून आम्ही त्यांना दुर्बीणसाहेब म्हणायचो. त्यांना आमची भाषा येत नव्हती, पण शेजारी दुभाषी होता.

"निम्मं गाव घरात बसवून कसली शांतता करताय?" सासूबाई म्हणाल्या. "बायकांची झडती मी घेते. कपड्यात काय लपवता येतं, ते माझ्याइतकं कुणाला कळणार नाही."

तिसऱ्या दिवशी ताडपत्रीच्या आडोशात सासूबाई झडतीला आणि मी नावांच्या वहीवर. त्यांच्या हातात लोखंड हुडकणारा एक डिटेक्टर दिला होता. तो किंचाळला की पाच पावलं मागे सरायचं आणि बाहेरच्या शिपायाने शिट्टी वाजवायची, असा नियम.

नवव्या दिवशी पलीकडच्या शाळेतल्या बाई आल्या. उंच, जाड लांब कोट घातलेल्या. डिटेक्टर कोटाच्या खालच्या काठाशी गेला आणि किंचाळला. बाहेर बंदुका सरसावल्याचा आवाज झाला.

"आई, मागे व्हा," मी म्हटलं.

सासूबाई मागे झाल्या नाहीत. "शिट्टी थांबव रे जरा," असं बाहेर ओरडून त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या. कोटाचा काठ बोटांनी चाचपला, उलटा केला, टाके पाहिले. दर सातवा टाका दुहेरी. त्यांचा चेहरा उतरला.

"हा कोट कुणी शिवला?"

"तुम्हीच," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. काठात शिसं घातलंय, घेर वाऱ्याने हलणार नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

सासूबाईंनी कात्रीने चार टाके उसवले. तळहातावर सायकलचे गंजलेले वॉशर पडले. माझ्या सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं, हे गावाला माहीत होतं. शिशाऐवजी वॉशर जातात, हे मात्र घरातही कुणाला माहीत नव्हतं. मला हसू फुटत होतं, पण त्यांच्याकडे पाहून मी वहीत मान घातली.

सासूबाईंना गप्प राहून चालणार नव्हतं. वॉशर घेऊन त्या फाटकाच्या मधोमध गेल्या आणि दोन्हीकडच्या शिपायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यात बाईंचा काही दोष नाही. शिसं सांगून लोखंड घातलं, ते मी. अशा चाळीसेक कोटांत आहे."

दुभाष्याचं सांगून व्हायच्या आत पलीकडचा एक शिपाई म्हणाला, "मग माझ्या आईच्या कोटातही असणार. तरीच तो एवढा जड."

आधी तिकडचे हसले, मग इकडचे. शिट्टी शिपायाच्या ओठांवरून खाली आली.

दुर्बीणसाहेब मात्र हसले नाहीत. "नियम मोडून तुम्ही मागे का सरला नाहीत?"

"मागे सरले असते, तर आत्ता फाटक बंद असतं," सासूबाई म्हणाल्या. "यंत्राला लोखंड कळतं. ते कुणी कशाला घातलं, ते बायकांना विचारावं लागतं."

ते साहेबांनी टिपून घेतलं. त्याच आठवड्यात फाटकाचे नियम ठरवणाऱ्या समितीत अकरा खुर्च्यांच्या जागी बारा झाल्या, बारावी सासूबाईंची. आमच्याच बाजूचे पुढारी कुरकुरले, की शिंपिणीचं इथे काय काम. सासूबाईंनी विचारलं, "तुमच्यापैकी या फाटकातून कोण कोण गेलंय?" कुणीच गेलेलं नव्हतं. मग ठरलं, की डिटेक्टर वाजला तर शिट्टी वाजवायची की नाही, ते झडती घेणारी बाई सांगेल. पलीकडूनही दोन बायका कामाला घेतल्या. उरलेल्या कोटांचे काठ सासूबाईंनी फाटकावरच फुकट उसवून दिले आणि तोंड वाकडं करून वॉशर डब्यात टाकले.

सोळाव्या दिवशी सकाळी रांगेत माझी नणंद उभी होती. हाताशी एक मुलगी. फाटकावर कुणी कुणाला मिठी मारायची नाही, हाही नियमच. मिठीत वस्तू या हातातून त्या हातात जाते म्हणून. सासूबाईंना तो पाठ होता. त्या हलल्या नाहीत. लेक आडोशात आली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हात वर."

मग त्यांनी झडती घेतली. कॉलर, खांदे, पाठ, बाह्या. पुन्हा पाठ. इतर बायकांना एक मिनिट लागायचं, इथे पाच झाली. नणंद हात वर धरून रडत होती. बाहेर दुर्बीणसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पाठ फिरवली.

आईचं पाहून मुलीनेही हात वर केले. सासूबाई तिच्यासमोर बसल्या, तिच्या खांद्यांवरून, बाह्यांवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिही. खांदा दहा. बाही साडेअकरा. कपाटातला शेवटचा फ्रॉक हिला होईल, फक्त काठ सोडावा लागेल."

माझ्याजवळ दुसरा कागद नव्हता. मी फाटकाच्या वहीत, तिच्या नावापुढे लिहिलं.