पत्र्याचे डोळे

स्टेशनमास्तरांना परभणी-परळी लाइन लहान करून टेबलावर हवी होती, आणि डोळे जायच्या आत हवी होती. सगळी नोकरी त्यांनी त्याच लाइनीच्या स्टेशनांत काढलेली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हैदराबादच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पण डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती.

मी कोकणातला. सहावीत शाळा सुटली आणि सुतारकामामागे फिरत परभणीला लागलो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. मास्तरांनी ओसरी दिली, त्यांच्या बायकोनं, माईंनी, ताट दिलं. परक्या मुलखात ताट मिळालेला माणूस सारखा दचकून असतो. माईंचं भांडं जरा जोरात वाजलं तरी मला वाटायचं, आता जा म्हणणार.

कडुनिंबाच्या फळ्या जोडल्या, तेलाच्या डब्यांच्या पट्ट्या कापून रूळ केले. बंद पडलेल्या घड्याळाची कमान इंजिनात बसवली; चावी दिली की ते परभणीहून निघून परळीला थांबायचं. बाभळींना शेळीचे केस, हिरवे रंगवून. मास्तर टेबलाला गाल टेकवून बोटांनी चाचपायचे. "इथं चढ पायजे. अजून. हां, आता गाडी धापा टाकील."

गंगाखेडच्या पुलाअलीकडं रुळाकडेला शेंदूर फासलेला म्हसोबा होता. ड्रायव्हर तिथं शिट्टी देई, फायरमन भाकरीचा तुकडा टाकी. टेबलावर त्या जागी मी एका खड्याला शेंदूर लावून ठेवला.

"डोळे?" मास्तरांनी विचारलं.

"राहू देत की, मास्तर."

"का म्हणून? खऱ्याला चांदीचे हायेत. इंजिनच्या बत्तीत लय चमकतात. जसं हाय तसं कर."

पत्र्याचे दोन ठिपके कापून मी लाखेनं चिकटवले.

दुसऱ्या दिवशी शेळीचं दूध घालणारी धनगरीण मावशी आत डोकावली. बाभळींचे केस तिच्याच शेळ्यांचे, म्हणून कौतुकानं बघत होती. बघता बघता थांबली.

"याला डोळे कुणी दिले रं?"

"मास्तर म्हणाले..."

"मास्तरला दिसंना गेलंय, तुला तर दिसायलंय ना, कोकण्या? डोळे दिले की देव जागा होतो. आता रोज जेवू घाल त्याला. उपाशी ऱ्हायला तर घरातल्याचे डोळे मागंल."

"मग काढून टाकतो."

"काढून बघ!" ती हसली आणि दुधाचं माप ओतून शेळ्यांमागं गेली.

त्या दुपारी इंजिन म्हसोबापाशी थांबलं. चावी पूर्ण दिलेली, रूळ साफ. ढकललं की जाई, पुढच्या फेरीला तिथंच थांबे. मास्तर खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

"शिट्टी दिली न्हाईस," ते म्हणाले.

मी कोरड्या तोंडानं शिट्टी वाजवली. आत कमान कट् करून सुटली, आणि इंजिन आपणहून पुढं गेलं.

मास्तर आणि माई हैदराबादला गेले. घरात मी एकटा. भर दुपारी, स्वतः जेवायच्या आधी, मी भाकरीचा कण म्हसोबापुढं ठेवी. ऊन कललं की कण नसे. उंदीर म्हणावा तर टेबलावर पसरलेल्या काळ्या मातीवर पाऊल नाही, मुंग्या म्हणाव्या तर रांग नाही. पाठ करून बसलं की मानेवर कुणी बघतंय असं वाटे. तोंड करून बसलं की ते पत्र्याचे डोळे खरंच बघत असत. मी एवढंच पुटपुटत होतो, "माझ्या हातच्या डोळ्यांपायी त्यांचे जाऊ नयेत."

मास्तर आले ते भर उन्हात, टांग्यातून. एका डोळ्यावर जाड भिंग. पाणीसुद्धा न घेता ते टेबलापाशी आले आणि वाकले. सिग्नल बघितला, बाभळी बघितल्या, पूल बघितला. बोट न लावता! माईंनी पदर डोळ्यांना लावला.

"सुतार," मास्तर म्हणाले, "याचा एक डोळा कुठाय?"

म्हसोबा एका डोळ्यानं बघत होता. दुसऱ्या जागी नुसती लाख. नुकताच कण ठेवला तेव्हा दोन्ही होते.

"मी हात नाही लावला, मास्तर. देवाशप्पथ." मी गुडघ्यांवर बसून टेबलाखालची जमीन चाचपू लागलो. फटी, कोपरे, केरसुणीच्या काड्यासुद्धा.

खांद्यावर हात पडला.

"ऊठ. शोधू नको," मास्तर हळूच म्हणाले. "सापडला तर परत लावावा लागंल."