गारांच्या तालावर थोरली

माघ सरता सरता आमच्या डोंगरावर जो वारा सुटतो, तो मला लई आवडतो. बाकी कुणाला आवडत नाही. पत्रे हलतात, धूळ डोळ्यात जाते, चूल पेटत नाही. पण त्या वाऱ्यात घोडी बघावी. म्हातारी असली तरी शेपटी उचलून कुंपणाच्या कडेकडेनं उधळते. मीही तिच्यासंगं बोडक्यानं उभा राहतो. बायको ओरडते, "कान बांधा!" मी बांधत नाही.

बदलापूर गाव मागं टाकून डोंगराच्या पोटाला आलं की आमची जागा. दोन खोल्या, पत्र्याचा तबेला आणि लग्नाच्या दोन पांढऱ्या घोड्या, थोरली आणि धाकटी. उल्हासनगरात थोरलीवर बसून जे सिंधी नवरदेव निघाले, त्यांची पोरं आता लग्नाला आलीत. मी दुसरीत शाळा सोडली, पण थोरलीला नाचायला मी एकट्यानं शिकवलं. तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायचा, तिनं पाय उचलला की गूळ द्यायचा. गुरू म्हणाल तर मी, बँड म्हणाल तर डबा. आता पाय दुखतात म्हणून दोन वर्षं ती वरातीला जात नाही.

यंदा बायकोनं मनावर घेतलं होतं. मुलानं चिखलोलीत बिल्डिंगमध्ये घर घेतलंय, तिथं राहायचं. खालच्या विहिरीवरून पाणी आणून तिचे गुडघे गेले. मुलगा मोटार, पाईप बसवून देतो म्हणत होता, मीच नको म्हटलेलं. माझ्या जागेत मला कुणाचं काही नको.

"रविवारी पोरगा गाडी घेऊन येतोय. मी चालले," ती म्हणाली. "यायचं तर या, नाहीतर बसा घोड्यांपाशी."

"घोड्या कुठं बांधू? लिफ्टमध्ये?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

थांब म्हणायचं होतं. मी थोरलीला पाणी दाखवायला गेलो.

शनिवारी सकाळी डोंगरामागं आभाळ काळवंडलं. ती म्हणाली, "गवत आत घ्या. माझे गुडघे सांगतायत, पाऊस येणार."

"तुझे गुडघे काय रेडिओ आहेत? या दिवसांत कुठला पाऊस!"

दुपारी वारा एकदम पडला. आणि मग खिंडीतून असा सुटला की पळसाची फुलं, पाचोळा, खालच्या गावातला कुणाचा तरी लग्नाचा बॅनर, सगळं आमच्या अंगणात. मला हसू आवरेना. ही पदर खोचून गवताचे भारे उचलत होती.

"हसताय काय? उचला! ओलं गवत खाऊन पोट फुगलं घोड्यांचं, मग हसा!"

शेवटचा भारा डोक्यावर घेऊन आत शिरलो आणि गारा आल्या. पत्र्यावर असा कडकडाट की शेजारचं बोलणं ऐकू येईना. धाकटी थरथरायला लागली. मी तिचा दोर धरला. ही तिच्या मानेवरून हात फिरवत राहिली. आणि मागं थोरलीनं पुढचा पाय उचलला. डावा, मग उजवा. मान कमानीसारखी. पुन्हा डावा.

"अहो, बघा!" बायको माझ्या कानाशी ओरडली. "हिला वरात निघाल्यासारखं वाटतंय!"

ती हसली, हसता हसता डोळे पुसले. कोनाड्यातला गूळ काढला, वऱ्हाडी नोट ओवाळतात तसा घोडीच्या तोंडावरून ओवाळला आणि तिला चारला.

"घोडी तयार आहे. नवरा कुठाय?"

"हा काय." भारा अजून माझ्या डोक्यावरच होता.

"या ध्यानाला कोण पोरगी देतंय?"

"तुझ्या बापानं दिली होती."

गारा थांबल्या. अंगण पांढरं झालं होतं, डोंगरावरून गार वास येत होता. ती उंबऱ्यावर बसली, पदरात गारा गोळा केल्या आणि गुडघ्याला लावून धरल्या.

मी डोंगराकडं बघत म्हणालो, "पोराला सांग, येताना मोटार, पाईप घेऊन ये."

"मी नाही सांगायची. तुम्हीच सांगा." तिनं फोन लावून माझ्या हातात दिला.

"पाईप घेऊन ये," मी म्हणालो. "विहिरीपासून तबेल्यापर्यंत पुरेल एवढा."

पलीकडनं मुलगा म्हणाला, "बाबा, आणि आईची बॅग?"

मी फोन तिच्याकडं दिला. तिनं गुडघ्यावरच्या गारा दुसऱ्या गुडघ्यावर सरकवल्या.

"बॅगेचं राहू दे," ती म्हणाली. "गूळ आण. थोरलीनं सगळा संपवला."