साडूची लेन्स

घरात कोळी दिसला की सासूबाई केरसुणी उचलतात. पण धाकट्या जावयाने कॅमेऱ्यात टिपलेला कोळी त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात टांगलाय, टपोऱ्या डोळ्यांसकट. मी थोरला जावई. जेवायला बसलं की तो कोळी बरोबर माझ्यासमोर येतो. माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू.

म्हणून मीही किड्यामुंग्यांचे फोटो काढायचं ठरवलं. कॅमेरा होताच, जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स हवी होती. साठ मिलिमीटरची की शंभरची, एवढाच प्रश्न. साडू म्हणाला, "साडूभाऊ, शंभरची घ्या. साठने किडा मोठा दिसायला हवा तर पार चार बोटांवर जावं लागतं. आपली सावली पडते, तो उडतो. शंभरने वीतभर लांब राहता येतं." त्याच्याकडे शंभरचीच होती. तीच घेतली असती तर सगळे म्हणाले असते, त्याचं बघून घेतली. मी गंगापूर रोडवरच्या दुकानात गेलो आणि साठची घेऊन आलो.

पुढच्या रविवारी सासऱ्यांच्या मळ्यात, झेंडूच्या सरीतून मी पोटावर सरपटत होतो. फुलावर चतुर, तो लांब शेपटीचा किडा, बसायचा, मी पोचायचो, सावली पडायची, चतुर पसार. साडू बांधावरून बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने आपली लेन्स काढून माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली. "घ्या, आता बघा."

मी वीतभर लांब थांबलो. चतुर पुढच्या पायांनी डोळे पुसत होता, त्याला माझा पत्ताही नव्हता. असा फोटो साडूला कधी जमला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

सासूबाईंनी तोही कोळ्याशेजारी टांगला. कुणी पाहुणे आले की सांगतात, "हा बी धाकट्या जावयांनीच काढलाय." मी तोंडाला पाण्याचा तांब्या लावतो. साडू मात्र दर वेळी त्यांना थांबवतो. "नाही आई, हा साडूभाऊंनी काढलाय. माझी फक्त लेन्स होती."

सासूबाई त्याच्याकडे डोळे भरून बघतात. "पाहिलं ना, मन किती मोठं हाय यांचं? दुसऱ्याला मान द्यायला बी काळीज लागतं."

मग पाहुणेही माझ्या फोटोकडे पाठ फिरवून त्याच्याचकडे बघत बसतात.