पंचावन्न किलोच्या आतली झोप

आमच्याकडे कबड्डीचे सामने वजनगटावर होतात. गावात मंडप पडतो, भोंग्यावरून ‘पंचावन्न किलो, मुली’ असा पुकारा होतो आणि मैदानात उतरण्याआधी एकेका पोरीला धान्याच्या काट्यावर उभं करतात. सकाळी जिथं तुरीचं पोतं उभं होतं तिथं दुपारी तुम्ही. आकडा वर गेला की घरी. मला यात कधी लाज वाटली नाही, कारण माझं लहानपणच काट्याशेजारी गेलं. सेलूत बाबांचं धान्यखरेदीचं दुकान आहे, मागे घर. लहानपणी मी रडायला लागले की आई मला काट्यावर बसवायची आणि आकडे लुकलुकले की मी गप्प व्हायची.

संघात मी उजवा कोपरा सांभाळत होते. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा माझ्या हातात आला की तिचा खेळ संपला, कारण रेषेपर्यंत जायचं तर तिला मलाही ओढत न्यावं लागे. हे माझं एकुलतं एक कौशल्य, आणि तेही किलोत मोजता येण्यासारखं.

अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. थंडीत वडनेरला सामने ठरले होते आणि तिथं एका क्रीडा वसतिगृहाच्या बाई पोरी निवडायला येणार होत्या. आमची कॅप्टन जवळच्या खेड्यातून सायकलनं यायची. काडीसारखी बारीक, पण चढाईला निघाली की हाती लागायची नाही. तिच्या घरून निकाल लागलेला होता: यंदा निवड झाली तर जा, नाही झाली तर कबड्डी बंद, घरचं पाहा. आम्ही मोजून सात जणी. सात पुऱ्या नसतील तर संघ बाद, असा तिथला नियम. सहा जणींना काट्याची भीती नव्हती. सातवी मी.

“हे पाह्य,” कॅप्टन माझा हात धरून म्हणाली, “काईबी कर, पण पंचावनच्या आत ये. माह्यासाठी ये वं.”

त्या दिवशी मी काठावर होते, थोडी पलीकडेच. मी तिला वचन दिलं आणि तयारीला लागले. आता शहाण्या मुलीनं काय केलं असतं? जिलेबी सोडली असती. मी झोप सोडली.

त्याला कारण बाबा. ‘झोपल्या माणसावर चरबी चढते’ हा त्यांचा आवडता सिद्धांत. तो ते दुपारी जेवून गादीवर आडवं होता होता सांगायचे आणि सांगता सांगताच घोरायला लागायचे. त्यांचं पोट तेव्हा शर्टाच्या बटणांशी भांडत असायचं. म्हणजे सिद्धांताला पुरावाही समोरच होता. मी विचार केला, झोपल्यानं चढते तर जागल्यानं उतरेल. गणितात मी अशीच पास होत आले आहे.

झालं, जागरण सुरू. उशिरापर्यंत पुस्तक उघडं ठेवायचं, पुस्तकात मोबाइल, आणि कोंबड्याच्या आधी उठून कालव्याच्या रस्त्यानं धावायचं. स्टेटसला टाकलं, ‘झोप विकली, स्वप्न घेतलं’. खाली मैत्रिणींचे अंगठे आले. मला वाटलं मी तपाला बसले आहे. आई म्हणाली, “डोळे पाह्य कशे झाले! घुबड दिसून राह्यली.”

आता या तपाची एक गंमत सांगते. धावून आलं की असली भूक लागायची की पोहे, मग आणखी पोहे, त्यावर तर्री. शाळेच्या मधल्या सुट्टीत समोसा. संध्याकाळी दुकानात आलं की गूळ-फुटाण्याचा डबा आणि मी. आई कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळायला बसली की मी ‘एकच’ म्हणून जायची आणि झारा रिकामा करून यायची. आणि गोड तर विचारू नका! वर्गात फळ्यावर मला रसगुल्ले दिसत होते. सरावात पाय उचलायचा कंटाळा यायचा, तेव्हा मी कोपऱ्यात उभी राहून फक्त ओरडायची.

आठवड्यानं काट्यावर चढले. वाढलं! परत उतरले, चप्पल काढली, कानातलं काढलं, श्वास सोडला. तेवढंच. मग माझ्या मेंदूनं असा निष्कर्ष काढला की आजही आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. मी दुकान भरलेलं असताना, पाच-सात शेतकऱ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, “बाबा, आपला काटा खराब हाये.”

धान्यवाल्याच्या पोरीनं बापाच्या काट्यावर बोट ठेवायचं! बाबांचं तोंड मिरचीसारखं झालं. “आजवर या काट्यावर कोणाचा शब्द नाई आला, आन् घरची पोट्टी बोलून राह्यली!” ते आत गेले, सरकारी शिक्क्याची वजनं घेऊन आले आणि सगळ्यांसमोर एकेक काट्यावर ठेवलं. काटा चोख. मग मला म्हणाले, “चढ आता.” मी चढले. एक म्हातारे शेतकरी वाकून आकडा बघत म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.” सगळे हसले. मी तिथंच, भरदिवसा रडले.

रडून दमले आणि मागच्या सोयाबीनच्या पोत्यांवर पडले, तशीच झोपले. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ते खरं आहे, मला तर पोतं मिळालं होतं. पण ऐन सीझन. बाबांनी येऊन हलवलं. “ऊठ वं, काटा चालू हाये, पोतं काढाचं हाये. आन् दुपारची झोपू नको, चरबी चढन.” सीझनमध्ये बाबांचा काटा कशासाठीच थांबत नसे. माझ्या आजोळी लग्न होतं तेव्हाही बाबा हार घालून आले, अक्षता टाकल्या आणि दुकानात परत गेले.

तोवर गल्लीतल्या बायकांनी मला थायरॉइड झाल्याचं जाहीर केलं होतं. आईनं सेवाग्रामला दवाखान्यात नेलं, बाबाही आले, कारण काट्याचा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला होता आणि चूक माझ्या अंगात आहे हे त्यांना डॉक्टरकडून ऐकायचं होतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला निघाला. तरुण डॉक्टरबाईंनी जेवणखाण विचारलं, धावणं विचारलं, मग म्हणाल्या, “झोपतेस किती?”

मला वाटलं आता शाबासकी मिळणार. “खूप कमी!” मी छाती काढून सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. या वयात शरीराला मोठ्या माणसापेक्षा जास्त झोप लागते, म्हणाल्या. झोप तोडली की भूक वाढते, त्यातही गोडाची, तळलेल्याची, आणि थकलेलं अंग हालायला बघत नाही. वजनामागे एकटी झोप नसते, पण जागून वजन उतरवणं म्हणजे भोक पडलेल्या पोत्यात धान्य भरणं. शेवटचं वाक्य त्यांनी बाबांकडे बघून म्हटलं. आणि हे सगळं सांगताना त्यांनी स्वतः दोनदा जांभई दिली.

“मंग गोळी कोणती देता?” बाबांनी विचारलं.

“गोळी नाही. झोपू द्या.”

बसमध्ये बाबांनी खिशातला कागद काढून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “झोपासाठी केसपेपर काढला आपण.” पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकानाचं शटर खडखडेनासं झालं. ते मागच्या दारानं दुकानात जायला लागले. मोबाइल मात्र आईनं पिठाच्या डब्यात ठेवला, हे जरा जास्तच झालं.

मी धावत मैदानावर गेले आणि सगळ्या पोरींना ही खुशखबर दिली. “झोपा वं सगळ्या! डॉक्टरनं सांगतलं!” पाच जणी आनंदानं किंचाळल्या. कॅप्टन बुटाची नाडी बांधत होती. ती हसली. “मले कोण झोपू देते? माय कापसाच्या वेचणीले जाते. पाणी भराचं, भाकरी टाकाची, लहान्यांले शाळेत धाडाचं, मंग सायकल. तू झोप. माह्या वाट्याचंबी झोपजो.”

मला तिचा राग आला, नंतर स्वतःचा आला. मी झोप सोडण्याला तप समजत होते. आणि इथं एका पोरीला झोप कधी मिळालीच नव्हती, राबून राबून तिची काडी झाली होती. मी त्या दिवशी घरी जाऊन मुकाट झोपले. दुसरं करण्यासारखं काही मला सुचलं नाही.

हळूहळू भूक माणसांत आली. फळ्यावरचे रसगुल्ले पुसले गेले. मग वडनेरच्या मंडपात काट्यासमोर माझा नंबर आला. बाबा दुकानाचं दोन किलोचं वजन पिशवीत घालून सोबत आले होते. आधी त्यांनी त्या गावचा काटा तपासला, आयोजकांशी थोडं भांडण झालं, मग मला वर चढवलं. आकडा लुकलुकला. चोपन्न आणि वर काहीतरी. कॅप्टननं मला एवढ्या जोरात मिठी मारली की काट्यानं आम्हा दोघींचं वजन दाखवलं.

आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. माझ्या कोपऱ्यातून. ज्या पोरीचा घोटा मी धरला ती मला घेऊन रेषेपार गेली. बहुतेक मी जरा जास्तच हलकी झाले होते. पण तोवर वसतिगृहाच्या त्या बाईंनी कॅप्टनचं नाव लिहून घेतलं होतं.

पुढच्या दिवाळीला कॅप्टन तिथून सुटीवर आली. गावी जाण्याआधी बॅग घेऊन सरळ दुकानात. ऐन सोयाबीनचा सीझन, दारात ट्रॉल्या उभ्या. तिनं बॅग टाकली आणि काट्यावर चढली. बाबांनी माल मोजल्यासारखं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “वाढलं की वं!”

“वाढलं नं!” ती हसत होती. “बाबूजी, तिथं दिवे लवकर बंद करतात. सकाळी घंटा होयेपर्यंत कोणी उठवत नाई. कोणीच नाई.”

मी आत चहा सांगायला गेले. परत आले तर ती पोत्यांवर आडवी झालेली, तोंड उघडं, बूट तसेच पायात. हमाल पोत्याला हात घालायला आला तशी बाबांनी त्याला खुणेनंच मागे सारलं. दारातला शेतकरी ओरडला, “शेठ, मोजता का नाई?”

बाबांनी उठून काट्याचं बटण बंद केलं.

“काटा बंद हाये,” ते हळूच म्हणाले. “पोरगी झोपली हाये.”