लाजेपोटी राहिलेली तपासणी

“डॉक्टर कधी येतील?” असं मला माझ्याच केबिनमध्ये विचारणारे पुरुष मी वीस वर्षं बघतेय. परळला माझं क्लिनिक आहे. मी युरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या मार्गाचे आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे आजार बघणारी डॉक्टर. या शाखेत बायका कमी, त्यामुळे प्रदीपनेही तेच विचारलं. नाव अर्थातच बदललंय.

“मीच डॉक्टर. बसा,” म्हटल्यावर तो बसला, पण अर्धा दाराकडे वळून.

वय चौतीस, लिफ्ट मेकॅनिक, लालबागच्या चाळीत राहणारा. तक्रार त्याने माझ्या टेबलावरच्या पेपरवेटला सांगितली. “मॅडम, ते... लगेच होऊन जातं. सुरू होतंय न होतंय तोवर.” याला मराठीत शीघ्रपतन म्हणतात. मग एका दमात म्हणाला, “लग्नाला तीन वर्षं झाली. तिचं आयुष्य कशाला खराब करू? मोकळं करायचं ठरवलंय. वकिलाशी बोललोय. म्हटलं, एकदा डॉक्टरलापण विचारून बघू.”

त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली आणि तिथेच माझं चुकलं. तो लाजतोय म्हणून मी पुढचे प्रश्न गिळले. तपासणीही टाळली. टेन्शनमुळे होत असेल, असं सांगून गोळी लिहून दिली आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन यायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी दोघं आली. गोळीने काडीचा फरक नव्हता. प्रदीपचे डोळे पुन्हा पेपरवेटवर. त्याच्या बायकोने, मानसीने, मात्र खुर्ची पुढे ओढली.

“मॅडम, गोळी-बिळी राहू दे. ह्यांच्या लघवीचं आधी बघा.”

“लघवीचं काय?”

“आमचं टॉयलेट गॅलरीच्या टोकाला. हे दिवसातून दहादा बादली उचलतात. शेजारच्या काकी विचारतात, तुझ्या नवऱ्याला शुगर झाली काय गो?”

“तू गप गं,” प्रदीप पुटपुटला.

“का गप? बसल्यावर खाली दुखतं तेपण सांगा ना!”

मी पेन खाली ठेवलं. “हे कधीपासून?”

“गणपतीपासून. तोवर सगळं ठीक होतं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे सरळ बघत, “सगळं म्हणजे सगळं.”

‘कधीपासून’ हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पहिल्यापासूनची तक्रार वेगळी आणि मध्येच सुरू झालेली वेगळी. मध्येच सुरू झाली तर कारण शोधावं लागतं. एक कारण प्रोस्टेटमध्ये असू शकतं. मूत्राशयाच्या खाली असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती बनवते. तिला सूज आली की सारखी लघवीला लागते, बसल्यावर दुखतं आणि काहींचा वीर्यस्खलनावरचा ताबाही सुटतो.

“तपासावं लागेल,” मी म्हटलं. म्हणजे ग्लोव्ह घालून गुदद्वारातून बोटाने ती ग्रंथी चाचपायची. प्रदीपने बायकोकडे पाहिलं.

“जा की. मी आहे इथे बाहेर,” ती म्हणाली.

मिनिटभराचं काम. ग्रंथीला बोट लागताच तो कळवळला. पुढे लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुना लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, जंतू सापडले. सहा आठवडे अँटिबायोटिक दिलं आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही, अशी तंबीही.

सगळ्यांचं असं सुटत नाही. कित्येकांच्या तपासणीत जंतू सापडतच नाहीत, मग वेगळे उपाय करावे लागतात. प्रदीपचं सुटलं. आधी बादलीच्या फेऱ्या कमी झाल्या, मग दुखणं गेलं, आणि दोनेक महिन्यांत बाकीचंही पूर्ववत झालं.

शेवटच्या भेटीला तो एकटाच आला. आता थेट माझ्याकडे बघून बोलत होता.

“वकिलाचं मानसीला कळलं नाही ना?” मी विचारलं.

“मीच सांगितलं. आधी जाम भडकली. मग म्हणाली, तुम्हाला डॉक्टरच्या आधी वकील सुचला?”

मी हसले, पण मनातून खजील झाले. पहिल्या भेटीतल्या माझ्या चुकीबद्दल ती मला तर काहीच बोलली नव्हती. लाज त्याची, असं मी धरून चालले होते. खरं तर तपासणी टाळून मी माझाच अवघडलेपणा वाचवला होता, आणि त्यापायी त्यांचा संसार मोडायची वेळ आली असती.

हल्ली ग्लोव्हचा बॉक्स पहिल्याच भेटीत टेबलावर येतो. पेपरवेट मात्र मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय.